अचलपूरची दुसरी प्रत

अकोला, गुरुवार, दिवेलागण

गावोगावची भजनं इंटरनेटवर टाकणाऱ्या आमच्या चॅनेलची हार्ड डिस्क आज सकाळी बंद पडली. गेल्या आठवड्यात वारलेल्या सखारामबुवांचं पूर्ण खंजिरी भजन तिच्यातच होतं, आणि ते ऐकायला त्यांची मुलगी सुनंदाताई आज येणार होत्या. मी डिस्क पुन्हा पुन्हा काढून लावत होतो. वैशाली, माझी भागीदार, म्हणाली, "काहून भेऊन राह्यला? दुसरी प्रत अचलपूरले माह्या मायजवळ हाय." एसटीनं जाऊन घेऊनही आली. प्रत्येक फाइलवर गाणाऱ्याचं नाव, गाव, भजन. हिला हे सुचतं कसं? बुवा लगेच सापडले. सुनंदाताई आल्यावर भजन लावलं. मधेच बुवांना खोकला आला. चॅनेलवर टाकताना मी तो कापला होता, पण वैशालीनं मूळ फाइल तशीच जपली होती. सुनंदाताई म्हणाल्या, "तो खोकला अजून एकदा लावा न. घरात आता तोच आयकू येत नाई."