गोठ्यातला धूर

संतपूर
मार्गशीर्ष, २००९

प्रिय मंजू,

तू कालपासून बाळाला पुन्हा अंगावर घ्यायलीस, असं तुझ्या आईनं सांगितलं. ऐकून मी चहात दोनदा साखर टाकली अन् तसाच प्यायले. त्या डायॉक्सिन नावाच्या विषाच्या भ्यानं आईचं दूध तोडायचं न्हाई, असं डॉक्टरीणबाई म्हणल्या म्हणं. देव त्यांचं भलं करो. दोन दिवस डब्याचं दूध पाजलंस, अन् इथं माझी भाकर ताटात तशीच राहिली.

तू पहिल्यांदा फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसले होते. धूर वर जातो, तो दुधात कामून उतरंल? मग तू समजावलंस, प्लास्टिक जळालं की हे विष चाऱ्यावर बसतं, गायीच्या पोटातून दुधातुपात येतं, अन् खाणाऱ्याच्या अंगात वर्षानुवर्षं मुरून राहतं. बाळंतपणाचे चार महिने तू इथंच होतीस. नको म्हणालीस तरी आपल्या कपिली गायीचं तूप वाटी-वाटीनं मीच चारलं.

आपल्याकडं कोण जाळतंय, असं तू विचारलंस. मी झटक्यात भंगारवाल्या हावगेप्पाचं नाव घेतलं. तुझ्या बापानं त्याला चार माणसांत झाडलं. तांब्यासाठी तारा जाळायचा तो, खरंय. पण ओढ्यापलीकडं, अन् तेही दोन वर्षांमागं सोडलं. आता चाकूनं सोलतो.

गोठ्यात सांजचा धूर मी करते, लिंबाच्या पाल्याचा. पण पाला घटकाभरात विझतो अन् डास परततात. बोअर पाडल्यापासून फुटक्या प्लास्टिक पायपांचे तुकडे पडलेले असायचे. एक टाकून बघितला, डास गायब. सुमनबाईची गाय एवढी निवांत कशी, म्हणून बाया विचारायच्या. मी काही सांगत नसे. मोठी हुशारी ना माझी! आठ वर्षं, मंजू. कडब्याची गंजी त्याच गोठ्याला लागून.

आता धूर बंद केलाय, डासांसाठी गोठ्याला जुन्या लुगड्यांचा पडदा बांधलाय. कपिली नव्या नवरीसारखी आत उभी हाय.

फोनवर हे बोलता येत न्हाई, तुझी आई माझ्या शेजारी बसते. म्हणून पत्र. अन् लिहायला मुद्दाम हावगेप्पाच्या पोरीला, रेणूला बोलावलं, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. मघाशी तिचा पेन थांबला. मग आज्जी, पुढं सांगा म्हणाली. उद्या तुझ्या बापाला घेऊन तिच्या घरी जाणार हाय, त्याच चार माणसांना बोलावून. तू बाळाला पोटभर पाज, अन् मला पोटभर रागव. पण फोनवर, पत्र मला वाचता येत न्हाई.

तुझीच,
सुमनआजी
(खाली अंगठा उमटवलाय. शाईचा डाग समजून पुसू नको.)