बाणवाल्या तेवीस फायली

बाबा, आज ऑफिसात निवृत्तीला टेकलेल्या एका सहकारी बाईंना मी छोटी स्क्रिप्ट करून देत होते. नोटपॅडमध्ये दहा ओळी लिहायच्या, त्या चालवल्या की फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर आपोआप तयार. त्यांनी विचारलं, "पण फाइल इथे आली, की तिथंच आहे?" हाच प्रश्न तुम्ही विचारला होतात.

फणसवाडीतल्या आपल्या दोन खोल्यांत कॉम्प्युटरला जागा मिळाली ती स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारी. पस्तीस वर्षं कचेरीतल्या फायली लावलेले तुम्ही तिथे बसून रोज सकाळी आठवणी टाइप करायचात आणि त्या कुठे ठेवल्या ते विसरायचात. मग मला हाक, "अगं, कालचं पान कुठे गेलं?" कंटाळून मी स्क्रिप्ट लिहिली. डेस्कटॉपवर तेवीस फायली आल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटा बाण. तुम्ही चष्मा वर करून विचारता, "हे बाण कसले? फाइल इथे आली, की तिथंच आहे?" मला डबा भरायची घाई. "बाबा, तुम्हाला काय करायचंय? दोनदा क्लिक केलं की उघडतं ना? झालं तर!" आई ओट्याजवळून म्हणते, "जरा नीट सांग की त्यांना." नाही सांगितलं. शॉर्टकट म्हणजे जिन्याखालची नावांची पाटी, खोली वरच असते, एवढंच तर सांगायचं होतं.

पुढे आजारपणात तुम्ही माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवलात. "सगळं यात घेतलंय. मी गेल्यावर वाच." डेस्कटॉपवरचं एकेक तुम्ही त्यात कॉपी केलं होतंत. तुम्ही गेल्यावर वर्षभर मला तो उघडायचा धीर झाला नाही. मधल्या काळात जुना कॉम्प्युटर मीच भंगारात दिला. सगळं माझ्याकडे आहेच, म्हटलं. उघडला तेव्हा आत नुसते बाण. कशावरही क्लिक केलं तरी फाइल सापडत नाही, एवढंच येतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं तुम्ही मला उगाच नव्हतात म्हणत.

नावं तेवढी उरलीत. 'हिला बघायला गेलो'. 'लेकीवर हात उगारला'. कधी हो, बाबा? मला तो दिवस आठवतच नाही. तुम्ही तो मनात जपलात, लिहून काढलात, मला वाचायला दिलात, आणि मी तो भंगारात घातला. तुमची फार आठवण येते. त्या बाईंना मात्र आज खुर्ची ओढून बसवलं आणि समजेपर्यंत सांगितलं.

आई अजून विचारते, "माझ्याबद्दल काय लिहिलंय गं त्यांनी?" मी दर वेळी काहीतरी रचून सांगते. परवा म्हटलं, बघायला आले तेव्हा पोहे खारट झाले होते, असं लिहिलंय. ती हसली. "खारट कुठले? मीठ घालायलाच विसरले होते मी. एवढं पण नीट आठवलं नाही यांना?"

बाबा, चूक माझी आणि बोल तुम्हाला लागला. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.