पाशा म्हणाले, "पोचलं"

३ सप्टेंबर, रविवार
दमनहूरच्या बाजारात बापाच्या उसळीच्या गाडीवर वाट्या विसळणारा अतवा आजपासून विद्यापीठाच्या अध्यक्षांचा खासगी सचिव! माझी खोली थंडगार, खुर्ची फिरती. अध्यक्षांच्या दाराला जाड गादी मारलीय, पण गाडीवर तयार झालेले कान आहेत. पलीकडचं सगळं ऐकू येतं.

अध्यक्ष म्हणजे डॉ. शौकत मिनयावी. सगळे त्यांना पाशा म्हणतात. सत्तरी उलटली तरी गाल तुकतुकीत. रुजू होताना मी आपल्या रीतीनं आभार मानत म्हणालो, "पाशा, देव माझ्या आयुष्यातलं काढून तुम्हाला देवो." यावर "इडापिडा टळो तुझी" असं रस्त्यावरचा भिकारीसुद्धा म्हणतो. हे नुसते म्हणाले, "पोचलं."

एवढ्या पदव्या, आणि साधी रीत ठाऊक नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी सगळ्या विभागांचे प्रमुख रांगेत. काय ती लाचारी! साहित्याचे डॉ. वगदी इतके वाकतात की चष्मा पाशांच्या बुटावर पडतो. प्रत्येक जण आपलं आयुष्य देऊ करतो, प्रत्येकाला तेच उत्तर: पोचलं.

घरी नक्कल केली. माझी लेक नवारा खदखदून हसली आणि जेवताना तिनं ते आयुष्य देण्याचं वाक्य आजीला ऐकवलं. आईचा घास हातातच राहिला. आधी "इडापिडा टळो तुझी" म्हणाली, मुका घेतला, मग जेवली.

१९ सप्टेंबर, मंगळवार
बाहेरच्या बाकावर एक म्हातारा. कॉफीचा कप उचलवेना. मी "बसा हाजीबाबा" म्हणून खुर्ची दिली.

"अतवा, ओळखलं नाहीस? मी फिक्री."

माझ्या आधीचा सचिव. शाळेत माझ्या मागच्या वर्गात होता.

डॉक्टरांना काही सापडत नाही म्हणाला. नोकरी सोडूनही हे म्हातारपण ओसरत नाही. "इडापिडा टळो" हे पाशाच्याच तोंडून आलं तर दिलेलं आयुष्य परत फिरतं, एरवी नाही. जा, काहीही करून वदवून घे, म्हणाला. मी हसण्यावारी नेलं.

तेवढ्यात पाशा जिना चढून आले. दोन-दोन पायऱ्या एकदम.

९ ऑक्टोबर, सोमवार
कंगव्यात पांढरे केस. दात हलतोय. नोकरी सोडली तर पाशासमोर जाताच येणार नाही, म्हणून येतोय.

आज त्याच्यापुढे रडलो. डॉक्टरांनी आशा सोडली, असं खोटंच सांगितलं. यावर दगडही "इडापिडा टळो" म्हणाला असता. तो संत्रं सोलत होता.

"दिलेलं परत मागतोस? शेवटी गाडीवाला तो गाडीवालाच."

मी वगदीला हसत होतो. त्याचा चष्मा तरी पडायचा. मी तर ताठ मानेनं —

११ ऑक्टोबर, बुधवार
जिना उतरवत नाही. न्यायला नवारा आली, शाळेतून थेट. तिला काही सांगितलं नव्हतं. घाबरेल म्हणून.

दार त्यानं स्वतः उघडलं. ये गं राणी, चॉकलेट देतो. गेली. मी हाक मारली, आवाज घशातच — 

दार लागलं. उठतोय. गुडघे —

कान तेवढे अजून तरुण. कागद चुरचुरतोय. कुणी काही दिलं की काय म्हणायचं, मीच शिकवलं — 

नको बाळे, नको —

"पाशा, देव माझ्या आयु