दुसऱ्या खेळाडूचा डाव

॥ श्री ॥

बोरीवली पूर्व
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. सुबोध यास नंदूचे अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. अक्षर तुझ्या वहिनीचं, मजकूर माझा. पेन आता बोटांत राहत नाही. फोनवर माझं बोलणं कुणाला कळत नाही, आणि तू सारखं काय, काय म्हणून विचारत राहिलास की मला शरम वाटते. जानकीला अजून सगळं कळतं. म्हणून बाबांची जुनी पद्धत काढली आहे. दर रविवारी ते आपल्या दोघांना गावी आजोबांना पत्र लिहायला बसवायचे, तसं मी हिला बसवतो. व्हॉट्सॅपवर तू अंगठा दाखवून सुटतोस. पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

तब्येतीत नवीन काही नाही. नसांचा हा आजार बरा होणारा नव्हे, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. पाय गेले, आता हातांचा नंबर. डोकं मात्र शाबूत आहे, हीच पंचाईत. करमणूक म्हणजे तू दिवाळीत टीव्हीला जोडून दिलेला जुन्या व्हिडिओ गेमचा डबा. आपला लहानपणचा तो खाणीतला माणूस इतक्या वर्षांनी पुन्हा उड्या मारताना पाहिला आणि बरं वाटलं. पण वटवाघळं फार जोरात येतात रे. माझा अंगठा बटणापर्यंत पोचतो तोवर ती चावून गेलेली असतात. तू साकीनाक्याला दिवसभर बंद पडलेल्या मशिनींची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतोस, तुला एक वटवाघूळ हळू करता येणार नाही? येऊन करून जा. जानकी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट करणार आहे. (मला न विचारता कबूल केलंय. पण करीन. – जानकी)

कळावे. लोभ आहेच, तो वाढवायला ये.

तुझा,
नंदूदादा


मुलुंड
२३ फेब्रुवारी २०२५

ती. नंदूदादास सुबोधचा शि. सा. न. वि. वि.

वटवाघळांचं काम झालं, आणि ते मी केलेलंही नाही. जगात आपल्यासारखे वेडे पुष्कळ आहेत. ब्राझीलमधल्या कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी आपल्याच गेममधली वटवाघळं हळू केली आणि तो बदल सगळ्यांसाठी इंटरनेटवर ठेवून दिला. त्याला पॅच म्हणतात. त्यात गेम नसतो, कुठे काय बदलायचं एवढंच असतं. वहिनी ब्लाउज सैल करताना खडूने खुणा करतात ना, तशा नुसत्या खुणा.

वहिनी, हे तुमच्यासाठी. पॅच लावायचा छोटा प्रोग्रॅम लॅपटॉपवर पाठवला आहे. त्यात आधी मूळ गेम निवडा, मग पॅच, मग बटण दाबा. नवीन फाईल तयार होईल, तिला वेगळं नाव द्या आणि पेनड्राइव्हवर घालून डब्याला लावा. मूळ फाईल तशीच राहू द्या, ती लागते.

आजच येणार होतो, पण भिवंडीच्या एका कारखान्याची मशीन अडली आहे आणि मालक सोडत नाही. होळीला नक्की येतो. दादा, एका बटणावर चालेल असा पॅच मी स्वतः करून बघतोय. माणूस आपोआप धावेल, तू फक्त उडी मारायची.

सौ. वहिनींना नमस्कार. लोभ असाच ठेव.

तुझा,
सुबोध


बोरीवली पूर्व
१६ मार्च २०२५

चि. सुबोध यास अनेक आशीर्वाद.

होळी आली आणि गेली. तुझ्या वाटणीची पुरणपोळी दुधात कुस्करून मला भरवली, म्हणजे तुझा वाटा मी खाल्ला. जुनी सवय.

एका बटणाचा पॅच मिळाला. तुझ्या वहिनीने तो मूळ गेमला न लावता वटवाघळांच्या फाईलला लावला. ठिगळावर ठिगळ! माणसाचं डोकं पायाशी, खाण उलटी, आणि वटवाघळांच्या जागी नुसते आकडे उडतायत. मी इतका हसलो की ठसका लागला आणि ही घाबरली. मग तू फोनवर सांगितलंस तसं तिने पुन्हा मूळ गेमपासून सुरुवात केली, आणि आता प्रत्येक फाईलला नाव देऊन वेगळी ठेवते. झकास चालतंय. काल तिसऱ्या खाणीपर्यंत गेलो. खड्डा आला की मात्र दहांतल्या आठ वेळा आत.

डब्याबरोबर तू दोन रिमोट दिले होतेस. दुसरा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. तुझ्याशिवाय तो कोण धरणार? माझा हात अजून चालतोय तोवर एकदा ये. बाकी काही नको.

लोभ आहे, तो पोस्टाने पाठवून भागत नाही.

तुझा,
नंदूदादा

ता. क. भावोजी, हे त्यांना न सांगता लिहिते. उजवा अंगठा जेमतेम हलतो. डॉक्टर म्हणाले की यानंतर श्वासाचं दुखणं सुरू होईल. ते रविवारी सकाळपासून दाराकडे बघत असतात. – जानकी


मुलुंड
६ एप्रिल २०२५

ती. नंदूदादास शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला येता आलं नाही. निघालो होतो, घाटकोपरहून मागे फिरलो. कारण काय लिहू? काम होतं असं समज.

पण लॅपटॉपवर पाठवलेला नवा पॅच बघ. दोन आठवडे दुसरं काही केलं नाही. सगळ्या खाणींमधले सगळे खड्डे बुजवले. वटवाघूळ अंगावरून गेलं तरी काही होत नाही. एका बटणाचं काम यातच घातलं आहे, त्यामुळे वहिनींना एकच पॅच लावायचा आहे, मूळ गेमला. बोट नाही हललं तरी माणूस चालत राहतो. दादा, तू आता मरणारच नाहीस. शेवटच्या खाणीत काय आहे ते आपण लहानपणी कधीच पाहिलं नव्हतं. तू बघ आणि मला कळव.

माझ्यावर रागावू नकोस. लोभ असू दे.

तुझा,
सुबोध


बोरीवली पूर्व
२० एप्रिल २०२५

चि. सुबोध यास आशीर्वाद.

हे पत्र सांगायला दोन दिवस लागले. जानकीलाही आता माझं निम्मंच कळतं, बाकीचं ती डोळ्यांवरून ओळखते.

शेवटची खाण पाहिली. काही नाही तिथे. एक पेटी आणि टाळ्यांचा आवाज. पडायची भीतीच नव्हती, त्यामुळे पोचल्याचाही आनंद झाला नाही. तुझी मेहनत दिसली, पण हा पॅच मला नको.

तू एक गोष्ट विसरलास. काल दोघांचा खेळ लावून बघितला. आपला नियम आठवतोय ना? एक मेला की दुसऱ्याचा डाव. तू माझ्या खांद्याला चिकटून, मर ना दादा, मर ना लवकर, म्हणून ओरडायचास, आणि आई आतून ओरडायची की तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नका मेल्यांनो. मी मुद्दाम जपून खेळायचो आणि तू रडकुंडीला यायचास. काल माझा माणूस तासभर चालत राहिला. मरेचना. तुझा डाव आलाच नाही.

मला समोर बघितलं की तुला मला दुरुस्त करता येत नाही, म्हणून तू तिकडे बसून गेम दुरुस्त करतोस. मी ओळखतो तुला. भीती मलाही वाटते रे. दोघं एकत्र घाबरू. मी खड्ड्यांची जुनी फाईल लावायला सांगितली आहे. पडलो तर पडलो. मी पडलो की तुझा डाव. ये.

नंदूदादा


बोरीवली पूर्व
११ मे २०२५

श्री. सुबोधभावोजी यांस स. न. वि. वि.

स्मशानातून तुम्ही परस्पर निघून गेलात. तेराव्याला फाटकापर्यंत येऊन परत फिरलात, ते मी खिडकीतून पाहिलं. दोष देत नाही. एक निरोप राहिला आहे, तो पोचवते.

गेले त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी दोघांचा खेळ लावायला सांगितला. रिमोट त्यांच्या हाताखाली उशीवर ठेवला होता. पहिली खाण पार केली. दुसरीतल्या पहिल्याच खड्ड्यात माणूस पडला. अंगठा हलला नाही की मुद्दाम पडले, मला सांगता येणार नाही. हसले मात्र. पडद्यावर दुसऱ्या खेळाडूचा डाव अशी अक्षरं आली आणि थांबली. मी पुढे दाबायला गेले तर डोळ्यांनी नको म्हणाले. सुबोध येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी मला अक्षर अक्षर जुळवून सांगितलं. बुधवारी श्वास अडकू लागला. हॉस्पिटलमध्ये नेलं, गुरुवारी तिथेच गेले.

टीव्ही मी बंद केला. डबा चालूच आहे. त्याचा छोटा हिरवा दिवा मला रोज दिसतो आणि सहन होत नाही. तुम्ही येऊन तुमचा डाव खेळून जा. मी काही बोलणार नाही.

लोभ होता तसाच आहे.

जानकी


मुलुंड
१८ मे २०२५

ती. वहिनींस सुबोधचा शि. सा. न. वि. वि.

सवयीने वरती सौ. लिहिलं गेलं, म्हणून हा दुसरा कागद घेतला.

शुक्रवारी तुम्ही दार उघडलंत, पिशवीतून काढलेला तो नवा रिमोट माझ्या हातात दिलात आणि भाजी आणायला म्हणून खाली गेलात. भाजीची पिशवी खुंटीलाच होती.

त्याच्या पलंगाच्या कडेला बसून खेळलो. मला सगळ्या खाणी अजून पाठ आहेत. सहज खेळून, मरून, उठून जाईन असं वाटलं होतं. पहिला खड्डा आला आणि लक्षात आलं की मी पडलो तर पुढे काय येणार आहे. मग मरता येईना. मी आयुष्यात इतका जपून खेळलो नाही. तो जपून का खेळायचा कुणास ठाऊक, मी मात्र त्याचा डाव येऊ नये म्हणून खेळत होतो. एवढा वेळ त्याच्याजवळ बसायला मला अडीच महिने मिळाले होते, वहिनी. मी भ्यालो आणि आलो नाही. त्याला पॅच नको होता, मी हवा होतो.

सहाव्या खाणीत हात घामाने निसटला आणि मी पडलो. पडद्यावर अक्षरं आली. पहिल्या खेळाडूचा डाव. सुरू करायला बटण दाबा.

त्याचा रिमोट उशीवर होता. मी त्याला हात लावला नाही. तुम्ही वर यायच्या आत जिन्याने उतरून गेलो, त्याची माफी असावी. डबा मीही बंद केलेला नाही. आता डाव त्याचा आहे, आणि तो कुणी बंद करायचा हे मला कळत नाही. पुढच्या रविवारी येतो. फाटकापाशी थांबणार नाही.

दादाला समोर बसून शेवटचं लोभ असू दे म्हणायचं राहिलं, ते तुम्हाला म्हणतो.

तुमचा,
सुबोध