समुद्र मी दाखवणार

२ मार्च, पांढरकवडा
बियाण्याच्या कंपनीचं पत्र आलं. टार्गेट पूर्ण केल्याबद्दल मला सपत्नीक बाली. दुकानात पेढे वाटले. बाली हे बेट आहे हे मला माहीत होतंच. नकाशात नंतर सहज बघून घेतलं.
पुष्पाने अजून समुद्र पाहिलेला नाही. लग्नात मी शब्द दिला होता, त्याला तेवीस वर्षं झाली. निश्चय: विमानात तिला खिडकीशी बसवायचं, आपण शेजारी बसायचं, आणि तिला पहिला समुद्र मी स्वतः समजावून दाखवायचा.

६ मार्च
कंपनीच्या राजदीपचा फोन. म्हणे काका, जोडीनं सीट पाहिजे तर आधी बुक करा, त्याचे वेगळे पैसे पडतात. मला हसू आलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. दिवाळीच्या गर्दीत यवतमाळ गाडीत मी चार-चार जागा धरल्या आहेत. त्याला म्हटलं, रुमाल आहे ना. त्याने 'बरं काका' म्हणून फोन ठेवला. अनुभवापुढे माणूस वाद घालत नाही.
नवीन रुमाल आणले. दोन. मोठे.

१० मार्च
समुद्राची माहिती वहीत काढली. मुद्दे बेचाळीस. भरती, ओहोटी, मीठ, देवमासा वगैरे. जेवताना तालीम घेतली. मुद्दा सहा चालू असताना पुष्पा म्हणाली, "मले पाहू तं द्या आधी," आणि भाकरी बघायला उठली. ताटात भाकरी होती. मनातून फार उत्सुक आहे.

१४ मार्च, मुंबई विमानतळ, रात्री ९.४०
रांगेत पहिला मी. रांग अजून सुरू व्हायची आहे. पुष्पा खुर्चीवर इंदूबाईंशी बोलत बसली आहे. इंदूबाई म्हणजे घाटंजीच्या खेमसिंग राठोडांच्या मिसेस; तेही बियाणेवालेच. दोघींची ओळख आज सकाळी नागपूरहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये झाली. एवढं काय बोलतात कळत नाही.

रात्री ११.०५
आत शिरताच पहिल्या ओळीत दोन्ही रुमाल टाकले. नेम उत्तम. हवाई सुंदरीने दोन्ही घडी करून परत दिले आणि माझा पास मलाच वाचून दाखवला. त्यावर सीट छापलेली असते. हा नियम नवीन असावा.
मला ३१-ई. शेवटची ओळ, मधली जागा. पुष्पाला १२-ए, खिडकी. तिच्या शेजारी इंदूबाई, माझ्या शेजारी खेमसिंग. त्यांना म्हटलं, मिसेसना इकडे बोलवा, मी तिकडे जातो. म्हणाले, "राहू द्या ना पंजाबराव, कायले उठवता तिले." मग झोपेची गोळी घेऊन झोपले.

१५ मार्च, रात्री १.१५
शेवटच्या ओळीची पाठ मागे जात नाही. समोरच्याची मात्र माझ्या छातीपर्यंत येते. वही हनुवटीखाली धरून लिहितोय. संडास बरोबर पाठीमागे. सगळं विमान जाऊन आलं, मीच तेवढा राहिलो. वाटेत खेमसिंग आडवे आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर. दोनदा हलवलं. काळजी नाही. मन खंबीर असलं की लघवी थांबते.

रात्री २.३०
थांबत नाही.
खेमसिंगांना ओलांडून जायचं ठरवलं. अर्ध्यावर असताना पट्ट्याचा दिवा लागला, विमान हललं, आणि मी त्यांच्या मांडीवर बसलो. ते जागे झाले नाहीत. सुंदरी आली, म्हणाली सर, आपल्या जागेवर बसा. बसलो.

पावणेपाच
खेमसिंग उठले. एकदाचा जाऊन आलो.
माझ्या घड्याळात रात्र, बाहेर लख्ख उजेड. आमच्या खिडकीतला गोरा गृहस्थ पडदा ओढून घोरतोय. पुष्पाकडे जायला निघालो तर मधे नाश्त्याची गाडी. ती सरकल्याशिवाय पुढे जाता येईना. बाराव्या ओळीत दोन डोकी काचेला चिकटलेली दिसली. हसत होत्या. मी लांबून हातानं खुणा केल्या: मुद्दा एक, भरती. पुष्पाने मागे पाहिलंच नाही. मला हे फार लागलं.

१५ मार्च, बाली, हॉटेल, दुपारी
जेवताना पुष्पा आपणहून अर्धा तास बोलली. समुद्र आधी काळा होता, मग राखेसारखा, मग एकदम निळा. मधे एकच होडी, तिला दिवा. इंदूबाईंना रडू आलं, मग हिलाही. बेचाळीस मुद्द्यांत यातलं काहीच नव्हतं. मी नुसता ऐकत बसलो.
जेवण झाल्यावर राजदीपला गाठून सांगितलं, परतीला पैसे पडू देत, आम्हाला जोडीनं दे. तो चुळबुळला. म्हणे काका, काकूंनी सकाळीच पैसे भरून सीट घेतली. खिडकीची. शेजारची इंदूबाईंना.
वाटलं, मला त्रास नको म्हणून केलं असेल. तरी खोलीत येऊन विचारलं. पुष्पा म्हणाली, "राग नोका मानू. तेवीस वर्षं तुमी सांगून राह्यले अन् मी आयकून राह्यली. आज पयल्यांदा सोताच्या डोयानं पाह्यलं. जाताना बी तसंच पाहू द्या."
मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार.