चौकातलं माझं तोंड

१४ जानेवारी १९८५
आजही सावंत मूर्तिकाराच्या शेडमध्ये स्टुलावर बसलो. मान आखडली. नगरसेवक भाऊसाहेबांना वडिलांचा पुतळा हवाय, पण वडिलांचा फोटो एकही नाही. त्यांच्या आईने मला बाजारात पाहिलं. म्हणाली, "हेच. अगदी अस्से." पुतळा झाला की आमच्या चाळीला नळ. टेकडीवर पाणी चढवून हिचे गुडघे गेलेत. म्हणून बसलो.
सावंतची छिन्नी चालते तसं तोंडही. "काका, सुरकुत्या खोल घेतो. रोममध्ये जुने पुढारी असेच म्हातारे दाखवायचे. कष्टाचा माणूस वाटला पाहिजे. पुढे बादशहा आले, ते सत्तरीतही पंचविशीचे." बादशहाचं तोंड म्हणे दगडात करून गावोगाव बसवायचे. लोकांनी माणूस पाहिलेलाच नाही, नुसता दगड. तरी वाकायचे. रोम कुठे आलं, ते विचारलं नाही.

२ मार्च
अनावरण. भा.सा. म्हणाले, "गिरणीत राबलेला हा माझा बाप!" टाळ्या. मग हार घातला. ही गर्दीत होती, तिथेच मटकन बसली. घरी आल्यावर, "जित्या माणसाच्या तसबिरीक हार घालतत काय? तुमका कळत कसा नाय?" हे आधी सुचलंच नाही. झोप नाही.

९ मार्च
रोज ताजा हार. छातीत दुखतंय. गॅस असेल. सकाळी हार काढायला गेलो तर भा.सां.चा कार्यकर्ता धावला. "ए म्हाताऱ्या, साहेबांच्या बापाला हात लावतोस?" म्हटलं, अरे, तो मीच आहे. "मग खाली काय करतोस? चढ वर!" सगळे हसले.
नळ आला. पाणी गढूळ, पण दारात.

४ मे
भा.सा. निवडणुकीत पडले. पुतळ्याला डांबर फासलंय, गळ्यात चपलांची माळ. लांबूनच पाहिलं. दुपारी ही रॉकेल आणि फडकं घेऊन गेली. सगळ्यांसमोर. आधी डोळे पुसले, मग ओठ. मी पानवाल्याच्या आडोशाला. पुढे व्हायला हवं होतं, पण...

१९ मे
सावंत आला. नव्या नगरसेवकाला त्याच दगडात स्वतःचा बाप हवाय. "रोममध्येही हेच, काका. बादशहा पडला की त्याचंच तोंड तासून नव्याचं करायचे. दगड घटतो, वाढत नाही. चेहरा जरा लहान होतो. कान मात्र बहुतेक जुनेच राहतात."
ही म्हणाली, "म्हणजे हार परत ह्यांकाच?"
सावंत हसला.
"सगळोच फोडून टाक रे बाबा."
"फोडला तर नळ जाईल, काकी. नवे साहेब तसं बोललेत."

२० मे
छिन्नी उद्या लागणार, कपाळापासून. ही विचारते, पुतळ्यापुढे जाऊन आडवी उभी राहू? सकाळपासून कपाळ ठणकतंय. हात लावून पाहिलं, ताप नाही.
बाहेर कळशी भरून वाहतेय. ही शेजारीच बसलीय, नळ बंद करत नाही.