टॉवेलांमागची बाटली

प्रिय विनया,

काल तुमची बाटली उघडली. तुझ्या रेमीने चार वर्षांपूर्वी आणलेली, त्याच्या वडिलांच्या फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यातली. बूच काढायला शेजारच्या सलोनीला बोलावलं. वास घेऊन ती म्हणाली, काकू, ही गेली. तरी मी एक घोट घेतला, एकाहत्तराव्या वर्षी पहिलाच. आंबट लागला, उकळून गार केल्यासारखा.

दोष वाइनचा नाही. त्या दिवशी रेमीने बाटली पुढे केली तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्याकडे पाहुणे पेढे आणतात. तू त्याला भाषांतर करून सांगितलं नाहीस, पण माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. तुम्ही न जेवताच हॅमिल्टनला तुमच्या घरी परत गेलात. बाटली तुझ्या बाबांनी ठेवून घेतली. भजनाच्या बायकांना दिसू नये म्हणून मी ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात टॉवेलांमागे सारली. तिथे ती चार वर्षं उबत राहिली.

हल्ली इथल्या बॉटनी उपनगरातल्या लायब्ररीतून पुस्तकं आणते. फ्रान्सच्या दक्षिणेला दोन-तीन जातींची द्राक्षं मिळून अशी तांबडी वाइन करतात, गोडवा शिल्लक ठेवत नाहीत. आपल्या मसाल्यासारखंच, कशाचं किती ते घराघराचं वेगळं. तिला ऊब सोसत नाही, हेही त्यात होतं. वाचायला फार उशिरा लागले मी. रेमीचे वडील गेले, मळाही विकला, हे सुयशकडून कळलं. तुझ्या भावाकडूनच तुझी बातमी कळते. त्या घरची दुसरी बाटली आता कुठून येणार?

हे मात्र ती बाटली विसरले नव्हते. गेल्या वर्षी हॉस्पिटलमधून घरी आले, हीटरजवळ खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मंदा, विनूला फोन कर. दोघांना बोलाव, ती बाटली उघडू." इथे ऋतू उलटे, श्रावण ऐन थंडीत येतो, पण माझा नेम तोच. कांदासुद्धा चिरत नाही, तिथे वाइन कुठली? म्हटलं, श्रावण संपू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी नुसतं विचारलं, विनूला फोन केलास का? मी करते म्हटलं आणि पूजेला बसले. नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी ते गेले.

अंत्यविधीच्या वेळी तू मला एकच गोष्ट विचारलीस, बाबांनी माझं नाव काढलं होतं का? मी मान हलवून नाही म्हटलं. हो म्हटलं असतं, तर मग फोन का केला नाहीस, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. तू रडली नाहीस, हात सोडवून घेतलास आणि गाडीत जाऊन बसलीस. वर्ष झालं, तू अजून असंच धरून चालली आहेस की बाबा तुझ्यावर राग ठेवून गेले. विनू, त्यांनी तुझं नाव तीनदा काढलं. माझ्यावर रागाव, हवं तितकं रागाव. बाबांवर नको.

तुझीच,
आई